भाऊ हक्कसोडावर सही मागतोय, देऊ का?

परभणी जिल्ह्यात माहेर असलेल्या आणि नांदेडला राहणाऱ्या एका शिक्षिकेचं हे पत्र आहे. ओळख पटेल असे तपशील काढून थोडक्यात देते.

"माझं वय ४१. वडील चार वर्षांपूर्वी गेले. पाच एकर जमीन आहे आणि सातबाऱ्यावर आई, मी आणि धाकटा भाऊ अशी तिघांची नावं आहेत. भाऊ ३३ वर्षांचा. शेती बघतो, मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, लग्न झालंय, एक मुलगी आहे. मोबाईलवर क्रिकेटची टीम लावण्यापासून सुरुवात झाली. पहिल्याच हंगामात ४९ रुपयांवर १८ हजार लागले होते, सगळ्या गल्लीला पेढे वाटले होते. मग रमी. ॲप बंद झाल्यावर एजंटकडून सट्ट्याचा 'आयडी' घेऊन मॅचवर पैसे, आणि गावाबाहेरच्या शेडमध्ये तिर्रट, म्हणजे पत्त्यांचा जुगार. त्याचं देणं मी दोनदा फेडलं. आधी ८० हजार, नंतर शिक्षकांच्या पतसंस्थेतून कर्ज काढून दीड लाख. या दीड लाखाचं माझ्या नवऱ्याला माहीत नाही. दोन्ही वेळा त्यानं मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. आता देणं साडेसात लाख सांगतोय. दीड एकर विकून सगळं मिटवतो, त्यासाठी माझं हक्कसोड पत्र पाहिजे म्हणतो. 'ताई, एकदा फिटू दे, पुढं खेळलो तरी हजार-पाचशेच्या वर जाणार नाही.' आई म्हणते, सही दे, लेकरू वाचलं पाहिजे. परवा तो फोनवर म्हणाला, 'नाही दिली तर मग माझ्या दहाव्यालाच ये.' सही करू का? नाही केली तर माझं माहेर तुटेल का?"

ताई,

दहाव्याचं वाक्य मी आधी घेते, बाकी सगळं थांबू शकतं. तो नुसता दबाव टाकतोय की खरंच बोलतोय, हे फोनवरून तुम्हाला कळणार नाही आणि मला पत्रावरून कळणार नाही. म्हणून खरं धरूनच चला. जुगारात खोल अडकलेल्या माणसांत जिवाचं बरंवाईट करण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. त्यात आपल्याकडच्या घरांत कापसावर, सोयाबीनवर फवारायचं औषध माळवदावर नाहीतर गोठ्याच्या कोनाड्यात पडलेलं असतं. आजच आईला किंवा वहिनीला फोन करा आणि ते औषध घरातून हलवायला सांगा. शेजाऱ्याच्या कुलपात ठेवलं तरी चालेल. असा विचार अनेकदा लाटेसारखा येतो, आणि त्या घटकेला हाताशी औषध नसलं तर माणूस वाचण्याची शक्यता खूप वाढते.

मग भावाला समोरासमोर, साध्या शब्दांत विचारा: "मरून जावं असं वाटतं का तुला? कसं करायचं ते ठरवलंयस का?" असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणसाचा बांध फुटतो. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर रात्रंदिवस चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. तुम्हीही बोलू शकता, पेशंटनंच फोन केला पाहिजे असं नाही. जिवावर बेतलं तर १०८ ला रुग्णवाहिका मागवा.

आता दुसरी गोष्ट. त्याचा जीव वाचवणं आणि त्या कागदावर सही करणं या दोन गोष्टी भावानं एकत्र बांधल्यात, आईनंही बांधल्यात. तुम्ही त्या सोडवा. पहिलीसाठी धावत जा. दुसरीला माझं उत्तर आहे: आत्ता नाही.

का, ते सांगते. माझ्या आईचा धाकटा भाऊ, आमचा मामा, तिर्रटच्या फडावर बसायचा. मी शाळेत होते. एका दसऱ्याला आजोबांनी बैलजोडी विकली आणि मामाचं सगळं देणं फेडलं. घरात कुणी जेवलं नाही त्या दिवशी, पण 'सुटलो' असं सगळ्यांना वाटलं होतं. संक्रांतीला मामा पुन्हा देणेकरी. आजोबा आयुष्यभर म्हणत राहिले, पोरानं शब्द मोडला. मी पुढं समुपदेशनाचं काम करू लागले आणि अशीच घरं बघत गेले, तेव्हा मला त्याची दुसरी बाजू दिसली. दसऱ्याआधी मामाला कुणी उधार देत नव्हतं. आजोबांनी देणं फेडलं आणि बाजारात त्याची पत परत उभी राहिली. फडावरच्या लोकांना कळलं, याचा बाप फेडतो. आमच्या बैलांनी मामाला नवी उधारी मिळवून दिली होती.

तुमच्या पत्रात तेच घडताना दिसतं. ८० हजार, मग दीड लाख, आता साडेसात. तुम्ही लिहिता, 'मी फेडूनही तो सुधारला नाही.' तुम्ही फेडलंत ते मायेपोटी, त्यात तुमची चूक शोधू नका. पण एजंटाच्या वहीत तुमच्या भावाच्या नावापुढं आज 'बहीण शिक्षिका, पगार चालू' असं लिहिलेलं असणार, हे लक्षात घ्या. दीड एकर विकली तर तिथं 'साडेतीन एकर शिल्लक' असं लिहिलं जाईल.

कर्ज मिटलं की आजार मिटेल, असं तुम्ही तिघंही धरून चालला आहात. मला वाटतं, ते उलटं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराचं व्यसन दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांसोबत येतं. दारुड्याचं गुत्त्यावरचं बिल भरलं म्हणजे दारू सुटली, असं आपण म्हणत नाही. आजार म्हटल्यानं भावाची जबाबदारी संपत नाही, उपचाराला जाणं त्याच्याच हातात आहे. पण शपथेनं तो का थांबला नाही याचं उत्तर त्यात आहे. मुलीवर त्याचं प्रेम नाही असा अर्थ काढू नका. शपथ घेताना तो खरंच बोलत असेल. संध्याकाळी मॅच सुरू झाल्यावर शपथ घेणारं मन कामाला नसतं.

पहिल्याच हंगामात लागलेले १८ हजार मला सगळ्यात घातक वाटतात. सुरुवातीला मोठी रक्कम लागलेल्या माणसाच्या डोक्यात एक हिशेब बसतो: मला जमतं, फक्त वेळ वाईट चालू आहे. मग शेवटच्या चेंडूवर हुकलं तरी ते हरणं वाटत नाही, 'थोडक्यात गेलं' वाटतं, आणि थोडक्यात गेलेलं माणसाला पुन्हा खेचतं. त्यावर 'गेलेलं वसूल करायचं' सुरू होतं. भाऊ आज खेळतोय तो मजेसाठी नसावाच, साडेसात लाख परत आणायला खेळत असावा. त्याला रागावून उपयोग नाही, पण गणित एकदा शांतपणे मांडा. तिर्रटला पाच जण दहा-दहा हजार घेऊन बसले. दर डावातून जागेवाला नाल, म्हणजे आपला वाटा, काढतो. पहाटे उठताना पाचांच्या खिशात मिळून पन्नास हजार नसतातच. कुणी जिंकलं तरी पाचांचे मिळून कमीच झालेले असतात, आणि रोज बसणाऱ्याच्या वाट्याला ती घट रोज येते. मटक्याचंही तसंच. दहातला एक आकडा लावायचा आणि लागला तर नऊपट मिळायचे, म्हणजे शंभराच्या खेळात सरासरी दहा रुपये गेलेच. आयडीवाल्याचे भावही त्याचं सुटेल असेच लावलेले असतात.

आता 'हजार-पाचशेच्या वर जाणार नाही'. हे ऐकून तुम्हाला थोडा धीर आला, असं पत्रावरून वाटलं. मर्यादा घालून खेळणं काही माणसांना जमतं, मी नाकारत नाही. पोळ्याला किंवा दिवाळीत घरातच पाच-दहा रुपयांवर पत्ते खेळून उठणारे आपल्या ओळखीत असतात. त्यांची आधी ठरवलेली रक्कम संपली की डाव संपतो, ते उसने घेऊन बसत नाहीत, आणि हरल्याचं घरी हसत सांगतात. तुमचा भाऊ ती रेघ कधीच ओलांडून गेलाय. डॉक्टर साधारण दोन प्रश्न विचारतात: आणखी आणखी पैसे लावावेसे वाटतात का? किती लावले याबद्दल जवळच्यांशी खोटं बोलावं लागलं का? एकाचंही उत्तर 'हो' असेल तर पुढची तपासणी हवी. भावाची दोन्ही 'हो' आहेत. त्याच्यासाठी मर्यादा एकच, शून्य. हे सदर वाचणाऱ्या इतरांनीही हे दोन प्रश्न स्वतःला एकट्यात विचारावेत. मटका लावणाऱ्यांनी, लॉटरीची तिकिटं घेणाऱ्यांनीसुद्धा.

आता कागदाचं. वडिलांच्या मागं आई, तुम्ही आणि भाऊ सारखेच वारस आहात. २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू वारसा कायद्यात मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला. हक्कसोड पत्राची नोंदणी झाली की तुमचा वाटा गेला, नंतर पस्तावून तो परत मिळवणं फार अवघड असतं. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे: सातबाऱ्यावरचं तुमचं नाव आज त्या जमिनीचं कुलूप आहे. तुमची आई, वहिनी आणि भाची ज्या जमिनीवर जगतात ती एका रात्रीत विकली जात नाही, ती तुमच्या नावामुळं. बहिणींनी राखीच्या मोबदल्यात हक्क सोडायचा, ही रीत आपल्याकडं मायेची मानतात. या घरात मायेचं काम नाव ठेवण्यानं होतंय. भावाला तसंच सांगा: "मला तुझ्या जमिनीतलं काही नको. पण तू बरा होईपर्यंत माझं नाव तिथून हलणार नाही."

साडेसात लाख कुणाचे किती, हे पत्रात नाही. तुम्हालाही ठाऊक नसावं. माझा अनुभव असा की पहिल्यांदा सांगितलेला आकडा शेवटचा नसतो, लाजेपोटी काही ना काही मागं राहतं. एक वही घ्या, भावाला त्याच्याच हातानं लिहू द्या. ॲपवरून काढलेली आणि बँकेची कर्जं राहून जाऊ नयेत म्हणून त्याचा क्रेडिट रिपोर्ट काढा, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. मग देणी वेगवेगळी करा, कारण प्रत्येकाचा रस्ता वेगळा आहे.

पीककर्ज, सोनेतारण, पतसंस्था ही खरी देणी. शाखेत जाऊन हप्ते बांधून मागता येतात. नातेवाईक आणि मित्रांचे हातउसने वर्ष-दीड वर्षांत थोडे थोडे, भावानं स्वतः दुकानाच्या कमाईतून द्यावेत. टक्क्यानं घेतलेले पैसे असतील तर नीट ऐका. महिन्याला ५ टक्के म्हणजे वर्षाला ६० टक्के. परवानाधारक सावकारालासुद्धा शेतकऱ्याच्या विनातारण कर्जावर वर्षाला १२ टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही. विनापरवाना सावकारी हा २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यानुसार गुन्हा आहे. तक्रार तालुक्याला सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांकडं किंवा जिल्हा उपनिबंधकांकडं करायची. भावानं कुणाला कोरे चेक, कोरा स्टँप किंवा नावाला म्हणून खरेदीखत करून दिलंय का, हे जरूर विचारा. दिलं असेल तर एकही रुपया देण्याआधी वकील गाठा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईमाणसाला उत्पन्न न बघता वकील मोफत मिळतो, म्हणजे तुम्ही, आई, वहिनी तिघीही जाऊ शकता.

राहिला एजंट. करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करारच रद्दबातल असतो, त्या पैशासाठी कोर्टात दावा चालत नाही. तरी तो दारात येईल, चारचौघांत अपमान करेल, हे मी जाणून आहे. भावानं एकट्यानं त्याच्याशी बोलू नये. धमकी आली की तारीख-वेळ लिहून ठेवा, फोन आला तर रेकॉर्ड करा आणि पोलिसांत द्या. कर्जाच्या ॲपवाले फोटो पसरवायची धमकी देत असतील तर सायबर गुन्ह्यांच्या १९३० या नंबरवर कळवा. भावाला पोलिसांचीच भीती असेल, तर ऑनलाइनबद्दल इतकं सांगता येईल: ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं केलेल्या कायद्यात शिक्षा आहे ती पैशांचे खेळ चालवणाऱ्याला, त्यांची जाहिरात करणाऱ्याला आणि त्यांचे पैशांचे व्यवहार करून देणाऱ्याला, खेळणाऱ्याला नाही. तिर्रटच्या शेडवर मात्र धाड पडली की बसलेलाही सापडतो. डॉक्टरकडं बोललेलं डॉक्टरकडंच राहतं.

तुमच्या एवढ्या लांब पत्रात वहिनी एका शब्दात आली, 'लग्न झालंय'. तिचं सोनं जागेवर आहे का, तिच्या नावावर बचत गटाचं कर्ज काढलंय का, कुणी विचारलंय का तिला? या घरात रात्री तीनला मोबाईलचा उजेड बघणारी तीच आहे. रविवारी गावी जाल तेव्हा भावाच्या आधी तिच्याजवळ बसा. पुढचे सहा महिने पैसा ज्याच्या हातात राहायला हवा, ते माणूस मला तरी वहिनीच वाटते. आईचा हात पोराच्या डोळ्यांतल्या पाण्यानं सैल होतो.

भाऊ तयार झाला तर मोंढ्यावरची सोयाबीनची पट्टी आईच्या किंवा वहिनीच्या खात्यावर जमा व्हावी, आडत्याला तसं सांगून ठेवा. दुकानाचा क्यूआर कोड वहिनीच्या खात्याचा लावा. एटीएम कार्ड तिच्याकडं. त्याच्या फोनवरचं यूपीआय बंद, आयडीचे आणि टिप देणारे व्हॉट्सॲप, टेलिग्रामचे ग्रुप डिलीट, जमलं तर सिमच बदला. त्याला हे अपमानाचं वाटेल. सांगा, पाय मोडल्यावर प्लास्टर घालतो तसं आहे, हाड जुळलं की काढू. मोकळ्या संध्याकाळचंही काही ठरवा, कारण जुगार गेला की दिवसाचे चार-पाच तास रिकामे होतात आणि माणूस तिथंच घसरतो.

उपचार लांब नाहीत. तुमच्याच नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. इतर वाचकांसाठी अंबाजोगाई, लातूर आणि छत्रपती संभाजीनगरची घाटी आहे. जुगार सोडवणारी जादूची गोळी नसते. बोलून करायचे उपचार असतात. कुठल्या वेळी, कुठल्या विचारानं हात फोनकडं जातो, हे पकडायला शिकवतात आणि त्या विचाराशी कसं वागायचं हेही. सोबत उदासी, झोप, दारू हेही बघतात, त्यावर औषधं असतात. दवाखान्यात आणताना 'तू वेडा झालास' असं नका म्हणू. "झोप लागत नाही ना तुला, ते दाखवून येऊ," एवढ्यानं सुरुवात झाली तरी पुरे. मधे एखादवेळी पुन्हा खेळेल. तसं झालं तर उपचार वाया गेले असं धरू नका, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगा. फक्त त्या वेळचं देणं तुम्ही भरू नका.

सहा महिने, वर्षभर तो टिकला, वहीतली देणी खरी ठरली आणि तरी काही भागेना, तर थोडी जमीन विकायचा विचार तेव्हा करता येईल. तेव्हाही हक्कसोड नको. खरेदीखतावर तुम्ही वारस म्हणून सही करा आणि पैसे थेट बँकेच्या कर्जखात्यात जाऊ द्या.

नवऱ्याला मात्र याच आठवड्यात सांगा. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, कारण घरात वादळ येईल. पण दीड लाख लपवणारी बहीण भावाला 'सगळं खरं लिही' म्हणू शकत नाही. हप्ता पगारातून कापला जातोय, आज ना उद्या चिठ्ठी त्यांच्या हातात पडणारच. तुमच्या तोंडून कळणं बरं. नवं कर्ज काढू नका, कुणाला जामीन राहू नका.

माहेर तुटेल का, या प्रश्नावर मी खोटा धीर देणार नाही. भाऊ चिडेल. काही महिने फोन घेणार नाही. आई रडून म्हणेल, तुझं काळीज दगडाचं. भावकीत कुणीतरी बोलेलच की पोरगी हिश्शासाठी अडली. या काळात तुम्ही जाणं थांबवू नका. सणाला जा, आईला दवाखान्यात न्या, भाऊबीजेला तो उठून शेतात गेला तर वहिनीच्या हातचं जेवून, भाचीशी खेळून परत या. हातात रोख देऊ नका, कुणाच्याच. भाचीसाठी द्यायचं ते दप्तर, वह्या, फ्रॉक असं द्या, आणि तिची फी शाळेत स्वतः भरून पावती वहिनीकडं ठेवा.